कौलारू घराची गळती आणि तुंबणाऱ्या पन्हळी : घरच्या माणसांनी कोणते काम केव्हा करावे?

वळचण (प्रश्न)

नमस्कार. गुहागर तालुक्यात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमचे जुने घर आहे. भिंती जांभ्या दगडाच्या असून मधल्या घरावर मंगलोरी कौले आहेत, पुढच्या पडवीवर सिमेंटचे पत्रे आहेत आणि मागे नंतर वाढवलेल्या स्वयंपाकघरावर व न्हाणीघरावर स्लॅब आहे. पश्चिमेला सुरूचे बन आणि उत्तरेला मोठा फणस असल्यामुळे वळचणीच्या पत्र्याच्या पन्हळी पावसाच्या पहिल्या आठवड्यातच भरतात आणि पाणी उलटून भिंतीवर येते. मागच्या पाख्याचे, म्हणजे छपराच्या मागच्या उताराचे, पाणी स्लॅबवर पडते आणि स्लॅब जिथे जुन्या भिंतीला टेकतो तिथून आत झिरपते. शिवाय माजघरात एका ठिकाणी ठिबकते, तिथले कौल बदलूनही ते थांबलेले नाही.

आई-वडील सत्तरीच्या पुढे आहेत. आम्ही भावंडे मुंबईला असतो आणि मुलांसह मे महिन्यात गावी येतो, पण त्या वेळी आंब्याची गडबड असल्यामुळे सुतार आणि गडी दोन्ही मिळत नाहीत. घरातल्या सर्वांनी मिळून कोणती कामे करावीत, कोणती सुतार-गवंड्यावर सोपवावीत आणि ती केव्हा करावीत, याचे अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

लाल माती

माजघरातल्या ठिबकण्यापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर सापडले की बाकीच्या कामांची वेळ आपोआप ठरते.

थेंब ज्या जागी पडतो त्याच्या बरोबर वर छिद्र असेलच असे नाही. कौलाखाली शिरलेले पाणी आधी रिपेवर (कौले ज्यावर टेकतात त्या आडव्या पट्टीवर) उतरते, रिपेवरून वाशावर (तिच्याखालच्या उतरत्या लाकडावर) येते, वाशाच्या खालच्या कडेने उतारावर सरकत जाते आणि जिथे एखादी गाठ, खिळा किंवा चीर आडवी येते तिथे खाली पडते. त्यामुळे आपण भांडे ठेवता त्याच्या डोक्यावरचे कौल बदलून उपयोग झाला नाही, यात नवल नाही. खरी जागा त्याच्यापेक्षा वर, आढ्याच्या (छपराच्या माथ्याच्या) बाजूला असणार. ती मे महिन्यात कोरड्या छपराकडे बघून सापडत नाही. भर पावसात माळ्यावर जाऊन विजेरीचा झोत वाशावर तिरका टाकला, तर पाण्याचा माग चमकतो आणि तो वर वर शोधत गेले की नेमके कौल हाती लागते. ओल्या लाकडावर खडू उमटत नाही, म्हणून त्या जागी वाशाला रंगीत चिंधी बांधून ठेवावी आणि वहीत आढ्यापासून कितवी ओळ व पूर्वेकडून कितवे कौल हे लिहून ठेवावे.

आता हे करायला घरात माणसे केव्हा असतात? गणपतीत. कोकणातले प्रत्येक घर त्या दिवसांत भरलेले असते आणि बहुतेक वर्षी पाऊसही चालू असतो. माझे ठाम मत असे आहे की छपराची पाहणी, खर्चाचा अंदाज आणि भावंडांमधली पैशाची वाटणी ही तीनही कामे गणपतीतच उरकावीत. मे महिन्यात येऊन गळतीचा विचार सुरू करणाऱ्या घराला त्या वर्षीही गळकेच राहावे लागते, कारण तेव्हा निदान करायला पाऊस नसतो आणि दुरुस्ती करायला माणूस नसतो. नवरात्र संपले की सुतार तुलनेने मोकळा असतो. लाकूडकाम त्यानंतर थंडीच्या दिवसांत करावे. पावसात फुगलेले वासे तोपर्यंत वाळून बसलेले असतात, त्यामुळे कोणता वासा खरोखर वाकला आहे आणि कोणता नुसता ओलसर होता हे तेव्हाच कळते. वाळवी लागलेली रीप बदलण्याची आणि नव्या लाकडाला काजूच्या टरफलाचे तेल लावण्याची वेळही तीच, कारण लाकूड कोरडे असल्याशिवाय तेल आत मुरत नाही.

कौलांविषयीही थोडे लिहितो. मंगलोरी कौलाच्या पोटाला दोन नाके असतात आणि ती रिपेला अडकतात. रीप कुजली की नाक सुटते, कौल खाली सरकते आणि वरच्या कौलाखालचा त्याचा चढ कमी होतो. अशा वेळी कौल धडधाकट असूनही गळते, आणि नवे कौल त्याच कुजक्या रिपेवर बसवले तर तेही सरकते. दुसरे कारण कडेच्या खाचेत असते. प्रत्येक कौलाच्या कडेला पाणी वाहून नेणारी खाच असते, आणि तीत सुरूच्या काड्या, धूळ व शेवाळ साचले की पाणी खाच सोडून सांध्यातून आत उतरते. सुरूच्या बनाकडे असलेल्या आपल्या पश्चिमेच्या बाजूला हेच घडत असण्याचा संभव मला अधिक वाटतो. त्यावर कौल बदलणे हा उपाय नाही. ती ओळ उतरवून, खाचा कोरड्या ब्रशने घासून, तीच कौले पुन्हा बसवावीत, म्हणजेच आपल्याकडे ज्याला कौले परतणे म्हणतात ते काम करावे.

बदली कौल आणताना जुन्या कौलाच्या पाठीवर उमटवलेले कारखान्याचे नाव पाहून ठेवावे. मंगळूरला बासेल मिशनने 1865 मध्ये असा पहिला कारखाना काढल्यानंतर त्या पट्ट्यात अनेक कारखाने निघाले आणि प्रत्येकाच्या साच्यात थोडाथोडा फरक राहिला. त्यामुळे एका कारखान्याचे कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही आणि मध्ये फट राहते. आसपास जुने घर उतरवत असतील तर तिथून त्याच नावाची कौले मागून आणावीत. प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून घ्यावे. चांगले कौल खणखणीत वाजते, तर डोळ्यांना न दिसणारी चीर गेलेले बद्द वाजते.

पागोळी

लाल माती यांनी गणपतीविषयी लिहिलेले पूर्णपणे पटले. आमच्याकडे श्रीवर्धनला हीच पद्धत आहे. मी कामाची वाटणी आणि सुरक्षितता याविषयी लिहिते, कारण घरच्या माणसांनी काम करायचे म्हटले की सर्वांत आधी तीच काळजी घ्यावी लागते.

आई-वडिलांना शिडीवर चढू देऊ नका, त्यांचा कितीही आग्रह असला तरी. त्यांच्याकडे जे आहे ते दुसऱ्या कोणाकडेच नसते. कोणता वासा कोणत्या साली बदलला, कोणत्या वाऱ्याच्या पावसात कुठे गळते, न्हाणीघराच्या स्लॅबला उतार कोणत्या बाजूला दिला होता, हे त्यांना विचारून वहीत लिहून घेण्याचे काम घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलीकडे द्यावे. ती वही घरातच ठेवावी, मुंबईला नेऊ नये.

पन्हळ साफ करायला दोन माणसे लागतात. एकाने शिडी धरून खालीच उभे राहायचे आणि दुसऱ्याने वर राहून पाचोळा काढायचा. पाचोळा पाण्याने ढकलू नये, कारण तो खाली उतरणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी जाऊन घट्ट बसतो. आधी हाताने किंवा लहान खुरप्याने कोरडा गाळ काढून दोरीला बांधलेल्या बादलीत भरावा आणि सर्व निघाल्यावरच वरून पाणी सोडून ते खाली मोकळे येते का हे पाहावे. हातात रबरी मोजे घालावेत. कुजलेल्या पानांत गोम आणि विंचू असतात, आणि वळचणीला गांधीलमाशीचे पोळे आहे का हे शिडी लावण्याआधीच पाहून घ्यावे. महावितरणची घरात येणारी वायर वळचणीजवळूनच जात असते. तिचे वरचे आवरण उन्हाने तडकलेले असेल, तर धातूची शिडी त्या बाजूला मुळीच लावू नका. कार्यालयात कळवून पुरवठा बंद करून घ्यावा आणि मगच काम करावे.

मुलांना वर चढवू नये, पण त्यांना नुसते बसवूनही ठेवू नये. खाली पडलेला पाचोळा घमेल्यातून माडांच्या आळ्यात नेऊन टाकणे, उतरवलेली कौले धुऊन उन्हात मांडणे आणि कौलांवरची नावे वाचून सारखी सारखी एकत्र लावणे ही कामे दहा-बारा वर्षांची मुले मन लावून करतात. त्यांना एकच गोष्ट कडक शब्दांत सांगून ठेवावी. परड्यात रचून ठेवलेल्या जुन्या कौलांच्या ढिगात थेट हात घालायचा नाही. फुरशाला, म्हणजे त्या विषारी सापाला, अशीच जागा आवडते आणि ते मातीच्या रंगाचे असल्यामुळे चटकन दिसत नाही. आधी मोठ्या माणसाने काठीने वरची कौले हलवावीत आणि मगच मुलांनी उचलावीत.

छपरावर चढणाऱ्याने अनवाणी चढावे आणि पाऊल कौलाच्या मधल्या पोकळ भागावर न टेकता, जिथे एक कौल दुसऱ्यावर चढलेले असते आणि खाली रीप असते, त्या जागी टेकावे. थंडीच्या दिवसांत काम काढले असेल तर सकाळी दव असते आणि शेवाळलेले कौल निसरडे होते, म्हणून ऊन चांगले वर येईपर्यंत थांबावे. पडवीच्या सिमेंटच्या पत्र्यावर मात्र कोणीही पाय ठेवू नये. तो पत्रा काहीही सूचना न देता फुटतो. तिथे जायचेच असेल तर खालच्या बडोदांवर (पत्र्याला आधार देणाऱ्या आडव्या लाकडांवर) भार जाईल अशी लांब फळी आडवी टाकून तिच्यावरूनच जावे. जुन्या सिमेंट-पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते, त्यामुळे ते शेवाळ काढण्यासाठी कोरडे घासू नयेत आणि कापूही नयेत. त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते.

कौले परतणे, वासा बदलणे आणि आढ्यावरचे कोन (माथ्यावरची टोपीसारखी कौले) बसवणे ही कामे घरच्यांनी अंगावर घेऊ नयेत, असे माझे मत आहे. त्यासाठी पैसे गेले तरी चालतील.

ओळंबा

मी बांधकामाच्या क्षेत्रातला असल्यामुळे पन्हळी आणि स्लॅबचा सांधा या दोनच गोष्टींविषयी लिहितो.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. आपल्या घराच्या एका पाख्याखाली साधारण 40 चौरस मीटर जागा आहे असे धरू. तासाला 50 मिलिमीटर वेगाची सर आली, आणि कोकणात ती वरचेवर येते, तर त्या एका पाख्यावरून तासाला 2,000 लिटर, म्हणजे मिनिटाला 33 लिटर पाणी पन्हळीत उतरते. सहा इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून केलेली पन्हळ एवढे पाणी आरामात वाहून नेते, पण तिला उतार असेल आणि तोंड मोकळे असेल तरच. दहा फुटांना एक इंच उतार पुरेसा आहे. उतार पाहण्यासाठी यंत्र लागत नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी जुळवून पाहण्याची गवंड्याची जुनी रीत अगदी अचूक आहे आणि घरातले दोघे जण ती सहज करू शकतात. पन्हळीला आधार देणाऱ्या पट्ट्या दोन-अडीच फुटांवर असाव्यात. त्या एकमेकींपासून लांब असल्या की पाण्याच्या भाराने पन्हळ मध्ये झोळ धरते, तिथे गाळ साचतो, आणि पाऊस उघडल्यावर तेवढ्या साचलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासांची पैदास होते.

समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात साधा लोखंडी पत्रा टिकत नाही. आपल्या पन्हळी पत्र्याच्या आहेत, तेव्हा आतून बोट फिरवून गंजाचे पोपडे निघतात का पाहा. निघत असतील तर डागडुजीवर पैसे घालवण्याऐवजी पीव्हीसीच्या पन्हळी बसवाव्यात. खाली उतरणारा पाइप चार इंची ठेवावा आणि त्याच्या तोंडावर जाळीचा उभा घुमट बसवावा. सपाट जाळी सुरूच्या काड्यांनी एका सरीत बंद होते, तर उभी जाळी वरच्या अंगाने पाणी घेत राहते.

मात्र सर्व बाजूंना पन्हळ हवीच असे नाही, हेही स्पष्टपणे सांगतो. आपल्या जुन्या घरांना पन्हळ नसे. वळचण भिंतीपासून चांगली दोन-अडीच हात बाहेर काढलेली असे, पागोळ्या अंगणात मोकळ्या पडत आणि त्या पडतात तिथे जांभ्याच्या चिऱ्यांची ओळ बसवलेली असे. फणसाच्या बाजूला, जिथून कोणाची ये-जा नाही, तिथे पन्हळ काढून टाकावी आणि खाली अशी चिऱ्यांची ओळ बसवावी, असे मी सुचवीन. तुंबलेली पन्हळ ही पन्हळ नसण्यापेक्षा घराला अधिक त्रास देते, कारण ती पाणी बाहेर टाकण्याऐवजी भिंतीच्या माथ्यावर आणून सोडते, आणि जांभा ते सगळे पाणी पिऊन घेतो. पुढे आणि मागे मात्र पन्हळ ठेवावीच.

मागच्या सांध्याचे मूळ कारण असे आहे की जुने घर आणि नवा स्लॅब यांची हालचाल सारखी नसते. स्लॅब उन्हाने तापून प्रसरण पावतो आणि रात्री आकसतो, तर जांभ्याची भिंत आपल्या जागी राहते. त्यामुळे दोन्हींच्या मध्ये भरलेल्या सिमेंटला दर वर्षी केसासारखी चीर जाते आणि वरून नवे सिमेंट भरून ती फार काळ बंद राहत नाही. उपाय तीन टप्प्यांत करावा. आधी मागच्या पाख्याला पन्हळ लावून त्याचे पाणी स्लॅबवर पडूच देऊ नये, कारण निम्मा त्रास तेवढ्यानेच जातो. मग सांध्यातले जुने सैल सिमेंट खरवडून, तो पूर्ण कोरडा करून, त्यात लवचीक राहणारे सीलंट भरावे आणि वरून गवंड्याकडून वाटा (कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर उतार) काढून घ्यावा, म्हणजे भिंत आणि स्लॅब यांच्या कोनात पाणी थांबणार नाही. शेवटी भिंतीत सांध्याच्या वर बोटभर खोल खाच मारून तीत ॲल्युमिनियमच्या पट्टीची वरची कड बसवावी आणि पट्टी वाट्यावरून खाली वळवावी. भिंतीवरून ओघळणारे पाणी मग सांध्याला न शिवता पट्टीवरून स्लॅबवर उतरते. ही पट्टी खालच्या बाजूने सिमेंटने बुजवू नये, ती मोकळी राहिली पाहिजे.

स्लॅबचा उतार भिंतीकडे आहे की भिंतीपासून दूर आहे, हे एकदा दोन-चार बादल्या पाणी ओतून पाहावे आणि इथे कळवावे.

वळचण

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांना फोनवर विचारले असता स्लॅबचा उतार भिंतीपासून दूरच दिलेला आहे, पण पाणी बाहेर काढणारे तोंड एकच आणि ते अरुंद आहे, असे त्यांनी सांगितले. आणखी दोन शंका आहेत. वानरांचा कळप फणसावरून कौलांवर उड्या घेतो आणि दर वर्षी काही कौले फुटतात. त्यामुळे कौले काढून सगळीकडे रंगीत पत्रा घालावा, असे भावाचे म्हणणे आहे. ते कितपत योग्य ठरेल? शिवाय वादळाच्या दृष्टीने काय करून ठेवावे?

लाल माती

आपल्या भावाचे म्हणणे चुकीचे नाही. गावागावांत वानरांमुळेच लोक पत्र्याकडे वळले आहेत आणि पत्र्यावर देखभाल कमी लागते हेही खरे आहे. तरी घाई करू नये असे वाटते. समुद्रकाठी पत्रा स्वतः टिकला तरी त्याचे स्क्रू आणि त्यांखालचे रबरी वायसर आधी जातात, आणि मग प्रत्येक स्क्रू हे गळतीचे एक ठिकाण होते. पत्रा घालायचाच असेल तर स्क्रू नेहमी पत्र्याच्या नागमोडीच्या उंचवट्यावर मारावेत, खोलगट भागात कधीही मारू नयेत. उन्हाळ्यात पत्र्याखालचे माजघर तापते आणि पावसात बोलणे ऐकू येत नाही, हा आई-वडिलांना रोज सोसावा लागणारा त्रास आहे. तेव्हा निर्णय त्यांना विचारून घ्यावा. आधी फणसाच्या छपराकडे झुकलेल्या फांद्या थंडीत तोडून पाहा. उडीचे अंतर वाढले की वानरे बऱ्याच अंशी वाट बदलतात, आणि पन्हळीत येणारा पाचोळाही कमी होतो. बदली कौलांची चळत मात्र घरात नेहमी असू द्यावी.

वादळाविषयी सांगायचे तर 3 जून 2020 रोजी आलेल्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांतली असंख्य छपरे उडाली. वारा वळचणीखालून आत शिरतो आणि छपराला खालून उचलतो, म्हणून कडेच्या ओळी आधी जातात. मंगलोरी कौलाच्या पोटाला बांधणीसाठी भोक असलेले टोक असते. वळचणीच्या, आढ्याजवळच्या आणि दोन्ही टोकांच्या ओळींतली कौले त्या भोकातून तांब्याच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या तारेने रिपेला बांधून घ्यावीत. लोखंडी तार खाऱ्या हवेत गंजून तुटते. आढ्यावरच्या कोनांखालचा चुना किंवा सिमेंट सुटले असेल तर तेही त्याच वेळी भरून घ्यावे.

हे सर्व मेच्या मध्यापर्यंत पुरे झाले पाहिजे. सात जूनचा मृग धरून चालण्याची आपली सवय असली, तरी 2025 मध्ये 25 मे रोजीच मोसमी पाऊस तळकोकणात पोहोचला आणि अनेकांची कौले उतरवलेल्या अवस्थेत भिजली. मे महिन्यात घरच्या मंडळींनी फक्त पन्हळी साफ कराव्यात, खाचा आणि तारा तपासाव्यात आणि वहीत नोंदलेल्या प्रत्येक जागेची दुरुस्ती होऊन तिथली चिंधी सोडली गेली आहे का हे पाहावे. सुतारकाम तोवर संपलेले असावे.

पागोळी

एक भर घालते. पहिल्या दोन-तीन सरींत झाडांवरचा आणि छपरावरचा उरलासुरला सगळा पाचोळा एकदम खाली येतो. त्यामुळे मे महिन्यात पन्हळ कितीही स्वच्छ केली असली तरी पाऊस सुरू झाल्यावर पहिली उघडीप मिळताच ती पुन्हा एकदा रिकामी करावी लागते. तेव्हा आपण मुंबईत असाल. या एका कामासाठी वाडीतल्या एखाद्या जाणत्या माणसाशी मे महिन्यातच बोलून ठेवावे आणि त्याची मजुरी आई-वडिलांकडे देऊन ठेवावी, म्हणजे वडील स्वतः शिडी लावणार नाहीत.

ओळंबा

स्लॅबला एकच अरुंद तोंड असेल तर दुसरे काढून घ्यावे आणि ते पहिल्यापेक्षा दोन इंच वरच्या पातळीवर ठेवावे. पहिले तुंबले तर दुसऱ्यातून पाणी पडताना दिसते आणि घरच्यांना लगेच कळते. दोन्ही तोंडे भिंतीच्या बाहेर निदान फूटभर पुढे आलेली असावीत, नाही तर तेच पाणी भिंतीवरून ओघळेल. पन्हळीचे आणि स्लॅबचे पाणी जोत्याशी न सोडता पाइपाने परसातल्या माडा-पोफळींच्या पाटात नेऊन सोडावे, आणि पाइपाच्या टोकाखाली एक चिरा ठेवावा, म्हणजे माती धुपून खड्डा पडणार नाही.